खान्देशात बसून इंडी गायकाची एलपी कशी मागवायची

रेकॉर्ड विकत घेणं अवघड नाहीये भो, चार बटणं दाबली की ऑर्डर होते. अवघड आहे ती जळगाव, धुळे, नंदुरबारपर्यंत सपाट पोचणं, आणि तीही एकूण किती रुपयांना पडणार हे आधी माहीत असून. मुंबई-पुण्याचे लोक जे सांगतात त्यात हा भाग नसतोच, कारण त्यांना उठून दुकानात जाता येतं, आणि मे महिन्यात भुसावळला जे 45-46 डिग्री होतं ते त्यांच्याकडे होत नाही. म्हणून हे आपल्याकडच्या लोकांसाठी, ज्यांना कुठूनतरी एखादा गिटार घेऊन एकटाच गाणारा माणूस किंवा बाई सापडली, गाणी ऐकून ऐकून पाठ झाली, आणि आता वाटतंय की याची रेकॉर्ड घरात पाहिजे.

पहिलं काम, घरात रेकॉर्ड वाजवायला काय आहे ते बघा

आजोबांचं भोंग्याचं ग्रामोफोन असेल तर त्यावर नवीन एलपी, म्हणजे मोठी लाँग प्ले रेकॉर्ड, अजिबात लावू नका. ते मशीन मिनिटाला 78 फेऱ्या फिरणाऱ्या लाखेच्या तबकड्यांसाठी बनलेलं, त्याची सुई स्टीलची असते आणि वजन इतकं की एलपीची खाच एकदा वाजवली तरी खरवडून निघते. 1948 ला जी 33⅓ स्पीडची लाँग प्ले रेकॉर्ड आली तिची खाच 78 पेक्षा खूप बारीक आहे, सुईपण वेगळी लागते. एचएमव्ही फिएस्टासारखे जुने पोर्टेबल प्लेअर एलपी वाजवतात खरे, पण त्यांची सुई पण जड बसते, जुन्या सिनेमाच्या रेकॉर्ड ऐकायला ठीक आहे, अडीच-तीन हजाराची नवी इम्पोर्टेड एलपी त्यावर मी तरी ठेवणार नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या सूटकेसवाल्या स्वस्त प्लेअरचं पण तेच, दिसायला मस्त, पण सुईचं वजन जास्त आणि बहुतेकांत ते कमी करायची सोयच नसते.

सुरुवातीला ऑडिओ-टेक्निका एलपी60एक्स सारखा साधा बेल्ट ड्राइव्ह पुरतो. त्यात फोनो प्रीअँप (सुईकडून येणारा बारीक सिग्नल मोठा करणारा भाग) आतच आहे, मागचं बटण लाइनवर केलं की सरळ घरातल्या अँपला किंवा पॉवर्ड स्पीकरला जोडता येतो. घरात जुना सोनोडाइन किंवा कॉस्मिकचा अँप पडलेला असेल तर मागे फोनो लिहिलेली पिन आहे का बघा, असेल तर प्लेअरचं बटण फोनोवर ठेवून त्यातच लावा. दोन्हीकडचा प्रीअँप एकदम चालू ठेवला तर आवाज फाटतो, आणि दोन्ही बंद असले तर लांबून कोणीतरी कुजबुजतंय असं येतं, नव्या माणसाला वाटतं प्लेअरच खराब आहे. सुईचं वजन ॲडजस्ट होणारा प्लेअर घेतला तर कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई बसवलेल्या भागाच्या, कागदावर जो आकडा दिलाय, बऱ्याचदा 2 ग्रॅमच्या आसपास, तेवढंच ठेवायचं. त्यासाठी छोटा डिजिटल काटा ऑनलाइन मिळतो, आणि जळगावकरांना ग्रॅमच्या शंभराव्या भागाचं महत्त्व काय सांगायचं.

दुसरं, कोणाकडून घ्यायची

माझं सरळ मत आहे की आधी गायकाकडून, मग त्याच्या लेबलकडून (अल्बम काढणाऱ्या कंपनीकडून), मग भारतातल्या दुकानातून, आणि सगळ्यात शेवटी सेकंडहँड. हा क्रम फक्त गायकाला पैसे मिळावेत म्हणून नाही, तुमच्या सोयीचा पण आहे, कारण काही बिघडलं तर उत्तर देणारा माणूस समोर असतो.

इंडी, म्हणजे मोठ्या म्युझिक कंपन्यांच्या बाहेर राहून गाणी काढणाऱ्या, गायकांचं मोठं ठिकाण म्हणजे बँडकँप ही वेबसाइट. 2008 पासून चालू आहे. तिथं एलपी घेतली की बहुतेक वेळा अल्बमचं डिजिटल डाउनलोड लगेच मिळतं, एमपी3 पाहिजे तर एमपी3, फ्लॅक (क्वालिटी कमी न केलेली मोठी फाइल) पाहिजे तर फ्लॅक, म्हणजे पार्सल यायला दीड-दोन महिने लागले तरी गाणी तुमच्याकडे आलेली असतात. वस्तूंच्या विक्रीवर बँडकँप 10 टक्के घेतं आणि डिजिटलवर 15, आणि 2020 च्या मार्चपासून अधूनमधून बँडकँप फ्रायडे असतो, त्या दिवशी ते आपला हिस्सा सोडून देतात. घाई नसेल तर ऑर्डर त्या दिवशी टाका. फक्त तो शुक्रवार अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने चालतो, आपल्याकडे शुक्रवारी दुपारी साडेबारा-दीडला सुरू होतो आणि शनिवारी दुपारपर्यंत राहतो, सकाळी चहा पिता पिता ऑर्डर टाकून मोकळे होऊ नका.

लेबलांची नावं माहीत असली की शोधायला सोपं जातं. डेड ओशन्स, जॅगजॅगुवार, सिक्रेटली कॅनेडियन, सब पॉप, 4एडी, रफ ट्रेड, ही मंडळी एकट्याने लिहून गाणाऱ्यांचे अल्बम वर्षानुवर्षे काढतायत. एक गायक आवडला की त्याच लेबलवरचे बाकीचे ऐकून बघा, दोन-तीन तरी हाताला लागतात.

भारतातलं म्हणाल तर माहीमचं रिव्हॉल्व्हर क्लब नवीन रेकॉर्ड ठेवतं आणि ऑनलाइन पण विकतं. काळाघोड्याचं ऱ्हिदम हाऊस 2016 ला बंद झालं, तिथून घेतलेल्या कॅसेटा आपल्याकडे अजून कोणाकोणाच्या कपाटात असतील. भारतातल्या दुकानाचा फायदा एकच पण मोठा आहे, कस्टमचं लफडं त्यांनी आधीच निस्तरलेलं असतं. किंमत परदेशातल्यापेक्षा जास्त दिसते पण शिपिंग आणि ड्युटी धरून हिशोब केला तर कित्येकदा दुकानच स्वस्त पडतं. आधी इथे बघा, नसेल तर बाहेर जा.

आपल्या इथले इंडी गायक विनाइल, म्हणजे रेकॉर्ड, काढतातच असं नाही, कारण छापायचा खर्च मोठा आणि कमीत कमी काही शे प्रती घ्याव्या लागतात. पण कोणी आवडत असेल तर इन्स्टावर सरळ मेसेज करा, दादा एलपी काढणार आहेस का, काढलीस तर मी एक घेणार. असे मेसेज किती येतात यावर ते ठरवतात.

तिसरं, रेकॉर्डचं पान नीट वाचा

हा भाग लोक वगळतात आणि मग चिडतात. एका बाजूला किती मिनिटं आहेत ते बघा. 12 इंची रेकॉर्ड 33 च्या स्पीडने वाजत असताना एका बाजूला 18 ते 22 मिनिटं आरामात बसतात, त्याच्या पुढे गेलं की खाचा जवळ जवळ कापाव्या लागतात आणि आवाज बारीक ठेवावा लागतो, मग तुम्ही व्हॉल्यूम वाढवता आणि त्याबरोबर खरखर पण वाढते. डिस्को किंवा रॉकमध्ये ते झाकून जातं. पण आपला विषय एक गिटार आणि एक आवाज, मध्ये मध्ये नुसती शांतता, तिथं प्रत्येक टिकटिक ऐकू येते. या प्रकारच्या संगीताला रेकॉर्डची क्वालिटी बाकी कशाहीपेक्षा जास्त लागते, हे डोक्यात पक्कं ठेवा.

दुसरं म्हणजे शेवटचं गाणं. प्लेट फिरायचा स्पीड तोच असतो पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंटीमीटर खाच जाते आणि आत लेबलजवळ जेमतेम 20, म्हणजे तेवढंच गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं. म्हणून प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात स, श, च हे आवाज थोडे फिसफिस करतात, माइकला तोंड लावून गाणाऱ्यांचे तर जास्तच. थोडं असलं तर ती रेकॉर्ड खराब नाही, ते तसंच असतं.

180 ग्रॅम लिहिलंय म्हणून भुलू नका. जाड रेकॉर्ड कमी वाकते आणि हातात छान वाटते, पण आवाज चांगला येतो तो मास्टरिंग (छापायच्या आधी आवाजाची शेवटची जुळवणी) आणि प्रेसिंगमुळे (छपाईमुळे), 140 ग्रॅमची पण सुंदर वाजते. आणि शिपिंग वजनावर असतं हे विसरू नका. रंगीत रेकॉर्ड आता बऱ्या येतात, पण पिक्चर डिस्क, म्हणजे ज्यावर फोटो छापलेला असतो ती, भिंतीवर लावायला घ्या, ऐकायला नको.

प्रीऑर्डर असेल तर तारखेवर विश्वास थोडा कमीच ठेवा. रेकॉर्ड छापायचे कारखाने जगात मोजकेच आहेत, त्यात चेकचं जीझेड मीडिया सगळ्यात मोठं. मूळ साचा ज्या लॅकर डिस्कवर कापतात त्या बनवणाऱ्या महत्त्वाच्या कंपन्या दोनच होत्या, त्यातली कॅलिफोर्नियाची अपोलो मास्टर्स 2020 च्या फेब्रुवारीत आगीत गेली. त्यानंतर दोन-तीन वर्षं छोट्या कलाकारांचे हाल झाले, मोठ्यांच्या लाखो प्रती आधी आणि यांच्या तीनशे प्रती रांगेत मागे. आता परिस्थिती बरी आहे पण तारीख पुढे ढकलल्याचा मेल आला तर गायकाला शिव्या घालू नका, तो पण तुमच्यासारखाच वाट बघत असतो.

सेकंडहँड घेत असाल तर

डिस्कॉग्स या वेबसाइटवर जा. तिथं प्रत्येक अल्बमच्या प्रत्येक छपाईचं वेगळं पान असतं आणि रेकॉर्डच्या आतल्या कोऱ्या पट्टीवर जो नंबर कोरलेला असतो त्यावरून नेमकी कुठली छपाई ते ठरतं. दर्जा दोन असतात, एक रेकॉर्डचा, एक कव्हरचा, दोन्ही वाचा. वरून खाली असे, मिंट, निअर मिंट, व्हीजी (व्हेरी गुड) प्लस, व्हीजी, मग गुड. इथं गुड म्हणजे चांगलं नाही, गुड म्हणजे घासलेली, खरखरणारी. गिटार-आवाजाच्या अल्बमसाठी व्हीजी प्लसच्या खाली उतरू नका, आणि विकणाऱ्याला विचारा की वाजवून दर्जा लिहिलाय का नुसता बघून. जो उत्तरच देत नाही त्याच्याकडून घेऊ नका, मग भाव कितीही चांगला असो.

चौथं, पैसे आणि कस्टम

कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार चालू आहे का ते बँकेच्या ॲपमध्ये बघा, नवीन कार्डांवर तो बंदच येतो. चालू करा, लिमिट कमी ठेवा, काम झालं की परत बंद. बँक विनिमय दरावर स्वतःचे दोन-तीन टक्के लावते, त्यावर जीएसटी, ते स्टेटमेंट आल्यावर दिसतं.

आता खरा हिशोब. परदेशातून एका रेकॉर्डचं शिपिंग बऱ्याचदा रेकॉर्डच्या किमतीच्या आसपास जातं. त्यानंतर आयात शुल्क आणि त्यावर आयजीएसटी, आणि हे नुसत्या रेकॉर्डवर नाही तर शिपिंग धरून जी रक्कम होते तिच्यावर लागतं, वर कुरिअरवाल्याची हाताळणी फी. दर बदलत राहतात, म्हणून माझा ठोकताळा असा की रेकॉर्ड आणि शिपिंग मिळून जे होईल त्याच्या 40 टक्के अजून बाजूला ठेवायचे, कमी लागले तर पुढच्या रेकॉर्डला कामाला येतात. ही बेरीज करून पण घ्यावीशी वाटत असेल तरच बटण दाबा.

विकणाऱ्याला पार्सलवर गिफ्ट लिही असं कधी सांगू नका. 2019 च्या डिसेंबरपासून बाहेरून गिफ्ट म्हणून वस्तू मागवायची सवलत राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून बंद झालीये, उलट पार्सल अडकतं. खरी किंमत, बिल बाहेर लावलेलं, एवढंच पाहिजे. केवायसीसाठी आधार किंवा पॅन मागितलं जातं, पण मेसेजमधल्या लिंकवर लगेच क्लिक करू नका, फसवणुकीचे मेसेज अगदी तसेच येतात, ट्रॅकिंग नंबर कंपनीच्या साइटवर स्वतः टाकून बघा.

खर्च कमी करायचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे एकत्र मागवणं. पहिल्या रेकॉर्डचं शिपिंग महाग, दुसरी-तिसरी त्याच डब्यात आली तर थोडेच पैसे वाढतात. गावात दोन-तीन जण तरी असतात ज्यांना हा नाद आहे, शोधा. कोणी अमेरिकेहून येणार असेल तर एलपीचं कव्हर साधारण साडेएकतीस सेंटीमीटर चौकोनी असतं, हातातल्या बॅगेत मावतं, चेक-इन सामानात टाकू देऊ नका.

पाचवं, पत्ता आणि महिना

पोस्टाने मागवायची का कुरिअरने, तर शहरात असाल तर काहीही, पण रावेर, शिरपूर, तळोद्याच्या आतल्या गावाला असाल तर टपाल बरं. प्रायव्हेट कुरिअरवाला खूपदा तालुक्याला ठेवून फोन करतो, येऊन घेऊन जा. पोस्टाचा नंबर दोन अक्षरं, नऊ आकडे, दोन अक्षरं असा असतो आणि तोच इंडिया पोस्टवर चालतो. परदेशी फॉर्ममध्ये पत्ता लांब झाला की कापला जातो, म्हणून गट नंबर, प्लॉट नंबर, अमुक शाळेच्या मागे हे सगळं लिहिण्यापेक्षा नाव, कॉलनी, गाव, पिनकोड आणि +91 लावून मोबाइल नंबर. पोस्टमन भाऊ फोन करतातच.

आणि महिना. विनाइल साधारण 60 डिग्रीच्या पुढे नरम पडायला लागतं, आणि उन्हात उभ्या बंद गाडीत, टेम्पोच्या पत्र्याखाली आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तेवढं सहज होतं. डिलिव्हरीवाल्याची काही चूक नसते, दुपारी पार्सल गाडीत राहिलं की रेकॉर्ड पापडासारखी वाकून येते आणि त्यावर इलाज नाही. म्हणून आखाजीच्या आगेमागे पार्सल येईल असं काही मागवू नका. दिवाळी ते शिवरात्र हा आपला सीझन. बाहेरून मागवताना उलटं मोजा, दोन महिने धरले तर ऑर्डर सप्टेंबर ते डिसेंबर टाका. एखादी मर्यादित प्रतींची उन्हाळ्यातच निघाली तर घेऊन टाका पण विकणाऱ्याला विचारा की दोन महिने ठेवून पाठवशील का. छोटे लेबलवाले ऐकतात.

पुण्याला भाऊ, भाची कोणी शिकत असेल तर तिच्या पत्त्यावर मागवून दिवाळीला येताना आणायला सांगा. महाराष्ट्र एक्सप्रेसने येत असेल तर बॅगेत उभी, सीटखाली भिंतीला टेकवून. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत मात्र नको, खालून इंजिनची धग लागते आणि वर कोणाच्या तरी कांद्याच्या गोण्या.

ऑर्डर करतानाच एक ओळ लिहून टाका, रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून, आतल्या स्लीव्हसकट (पातळ पाकिटासकट) कव्हरच्या मागे ठेवून पाठवा. प्रवासात रेकॉर्ड हलली की कव्हरची कड आतून फाटते, हे केलं की फाटत नाही. सीलबंद रेकॉर्ड मात्र त्यासाठी फोडावी लागते, ते चालणार का तुमचं तुम्ही ठरवा. मला चालतं.

आल्यावर काय

उघडताना एकाच शॉटमध्ये व्हिडिओ काढा, पत्त्याचं लेबल दिसेल असा. रेकॉर्ड कडेला आणि मधल्या लेबलला धरायची, खाचेला बोट नको. खिडकीच्या उजेडात तिरकी धरून बघा. मग प्लेअरवर फिरवा आणि डोळे प्लेटच्या लेव्हलला आणा. थोडी वर-खाली होते तर ठीक, सुई आरामात जाते. पण प्लेअरचा हात, म्हणजे सुईची दांडी, डावी-उजवीकडे झुलत असेल तर भोक मधोमध नाही, आणि गिटारची लांबवलेली तार लहरत ऐकू येईल, ती बदलून मागा. एका बाजूला खर्रर असा फाडल्यासारखा आवाज ठरलेल्या जागी येत असेल तर छपाईत विनाइल नीट भरलं नाही, ती पण बदलून मागा. नुसती टिकटिक असेल तर तक्रार करू नका, आधी पुसा. आपल्याकडे हिवाळा कोरडा, नवीन रेकॉर्डवर स्टॅटिक जमतं, त्याला कार्बन फायबरचा ब्रश फिरवला की निम्मं जातं. ओलं पुसायचं तर बोअरचं पाणी नको, क्षार खाचेत बसतात, बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर आणा.

रेकॉर्डी उभ्या ठेवा, एकावर एक नाही, माळ्यावर नाही, पत्र्याच्या खोलीत तर नाहीच. आणि कूलरच्या समोर नको, कव्हर ओलं होऊन फुगतं आणि पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. बाहेरचं घट्ट प्लास्टिक काढून टाका, ते उन्हाळ्यात अजून आवळतं आणि कव्हरसकट रेकॉर्डला बाक येतो. त्यावरचा स्टिकर आवडला असेल तर तेवढा कापून आतल्या स्लीव्हवर चिकटवून ठेवा.